उत्खातभूमीचे फोटो: क्रम पाळा, तंद्री आपोआप लागेल

कोल्हापुरातून कॅमेरे घेऊन लडाखला, राजस्थानला, चंबळकडे गेलेले गट परतल्यावर जे फोटो दाखवतात ते बहुतेक एकाच ठशाचे असतात. वर अर्धं निळं आभाळ, खाली फिक्या मातीचे उंचवटे आणि मधे लाल जाकीट घातलेला एखादा मित्र. जागा अफाट होती, कॅमेराही चांगला होता, पण त्या जमिनीचा खडबडीतपणा, तिच्या धारा, तिच्यातल्या सावल्या फोटोत उतरलेल्या नसतात. जवळजवळ प्रत्येक वेळी चूक क्रमात असते. पोचल्याबरोबर रुंद लेन्स लावली जाते, मिळेल त्या उजेडात दिसेल ते टिपलं जातं आणि सूर्य बुडाला की सगळे चहाला निघतात. या जमिनीला हवा असलेला उजेड नेमका तेव्हा सुरू होत असतो.

मऊ मातीचा किंवा चिकणमातीचा थर पावसाच्या पाण्याने चिरत जाऊन जिथे घळी, नाळी आणि सुरीच्या पात्यासारख्या धारा तयार झाल्या आहेत आणि झाडोरा जवळपास नाही, ती उत्खातभूमी. लडाखमधल्या लामायुरूजवळचे जुन्या सरोवराच्या गाळाचे पिवळसर उंचवटे, मुरैना-भिंडकडची चंबळची बेहडं, अमेरिकेतल्या डेथ व्हॅलीतला झाब्रिस्की पॉइंट ही मोठी नावं. आपल्याला गाडीने गाठता येईल अशी जागा म्हणजे संगमनेर परिसरातल्या प्रवरेकाठच्या घळी.

पुढचे टप्पे आहेत त्याच क्रमाने करा. फोटो काढताना लागणारी तंद्री नशिबाने मिळते असं मला वाटत नाही. जे निर्णय आधी घ्यायचे ते आधी घेतले की त्या वेळेला डोकं मोकळं राहतं, आणि मोकळ्या डोक्यालाच ती लागते.

टप्पा १: जागा आणि महिना एकत्र ठरवा

आधी सुट्टी ठरते, मग जागा, आणि उजेड कसा असेल याचा विचार कुणी करतच नाही. उलट करा.

प्रवरेकाठी जायचं तर ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी. पावसाने घळींच्या कडा नुकत्याच धुतलेल्या असतात, काठावरचं गवत वाळून सोनेरी होतं आणि सूर्य दिवसभर दक्षिणेकडे कललेला राहतो, त्यामुळे सावल्या लांब पडतात. एप्रिल-मेमध्ये तिथे जाऊ नका. नऊ वाजताच उजेड चपटा होतो आणि ऊन सोसवत नाही.

लामायुरूला जून ते सप्टेंबर. आपल्याकडे पंचगंगा पात्राबाहेर येते त्या महिन्यांत लडाख पर्जन्यछायेत असतो, म्हणून कोल्हापूरकरांना हा काळ सोयीचा. तरी आभाळावर लक्ष ठेवा. ऑगस्ट २०१० मध्ये लेहला ढगफुटीने मोठा विध्वंस झाला होता. लामायुरू साधारण ३,५०० मीटर उंचीवर आहे. विमानाने लेहला उतरलात तर पहिले दोन दिवस फक्त विश्रांती घ्या. तिसऱ्या दिवसापर्यंत कॅमेरा बाहेर काढला नाही तरी काही बिघडत नाही.

महिना ठरला की सूर्य कुठून उगवेल ते बघा. आपल्या अक्षांशावर डिसेंबरअखेर सूर्य नेमक्या पूर्वेच्या सुमारे २५ अंश दक्षिणेला उगवतो आणि जूनअखेर तितकाच उत्तरेला. म्हणजे एकाच घळीवर सहा महिन्यांच्या अंतराने पडणारा उजेड जवळपास ५० अंशांनी फिरलेला असतो. कुणाचा जूनमधला फोटो बघून डिसेंबरात त्याच जागी उभे राहिलात तर तोच उजेड मिळणार नाही. सूर्याची दिशा दाखवणारं कुठलंही ॲप चालेल.

*तपासा:* ज्या धारेचा फोटो हवा आहे ती कोणत्या दिशेने धावते? उजेड तिला आडवा, बाजूने कापत आला पाहिजे. समोरून आला तर पोत मरतो.

टप्पा २: आधी मुरमाच्या ढिगावर सराव

हा टप्पा सगळे गाळतात आणि मला तो सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. मैदानात उतरण्याआधी तालीम लागते, हे कोल्हापुरात वेगळं सांगायला नको.

पावसाळ्यानंतर बंद पडलेल्या मुरमाच्या खाणीकडे किंवा बांधकामापाशी पडून राहिलेल्या मातीच्या ढिगाकडे नीट बघा. पाण्याने त्याच्यावर बोटभर रुंदीच्या नाळ्या पाडलेल्या असतात, त्या एकमेकींना मिळतात आणि मधे बारीक धारा उभ्या राहतात. मोठ्या घळी ज्या रीतीने तयार होतात त्याच रीतीने हे घडतं, फक्त आकार लहान. मालकाला विचारून, सूर्योदयाच्या आधी अर्धा तास तिथे ट्रायपॉड लावा. शंभर मिलिमीटरच्या आसपासची लेन्स घ्या आणि एक मीटर रुंद तुकडा निवडून तासभर फक्त त्याचेच फोटो काढा. आकार कळू देणारी कोणतीही वस्तू चौकटीत येऊ देऊ नका.

या एका तासात तीन गोष्टी हाताला कळतात: उजेड वळला की धार कशी उमटते आणि कशी पुसली जाते, चौकटीतून आभाळ काढून टाकल्यावर काय उरतं, आणि आपण कंटाळतो कधी. कंटाळा साधारण पंधरा-वीस मिनिटांनी येतो. त्याच्या पलीकडे थांबायची सवय इथेच लावून घ्या, कारण प्रवासात तो आला की लोक जागा बदलतात.

मोठ्या जागेवर सराव हवा असेल तर पन्हाळ्याजवळचं मसाई पठार घ्या. तिथे घळी नाहीत, जांभा आहे. पण उघडं पठार, वारा आणि तिरपा उजेड सांभाळायची सवय होते.

*सावधान:* चालू खाणीत जाऊ नका. उभ्या कापलेल्या कड्याखाली बसू नका, पावसाने भिजलेला मुरूम न सांगता सुटतो.

टप्पा ३: बॅगेत काय, आणि काय नको

लांब लेन्स हवीच. ७०-२०० मिलिमीटर ही या कामासाठी सर्वांत उपयोगी, १००-४०० असेल तर उत्तम. एकामागे एक उभ्या असलेल्या धारा लांब लेन्स जवळ ओढून आणते, थर दिसू लागतात. रुंद लेन्स मागच्या धारा बारीक करते आणि चौकट रिकाम्या आभाळाने भरते. रुंद लेन्स न्यायचीच तर न्या, पण पहिल्या दिवशी ती गाडीत राहू दे. मोबाइलवर काढत असाल तर तिप्पट किंवा पाचपट जवळ आणणारी वेगळी लेन्स त्यात आहे का ते बघा. बोटांनी ताणून मोठं केलेलं चित्र उपयोगाचं नाही.

ट्रायपॉड वजनदार असावा किंवा त्याला पिशवी अडकवायची सोय हवी. पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) बहुतेक वेळा काढूनच ठेवा. पाऊस पडून गेला असेल आणि ओल्या चिकणमातीवर चकाकी असेल तेव्हाच तो खरा कामाला येतो.

इथल्या धुळीसारखी बारीक धूळ क्वचितच सापडते. लेन्स बदलायचीच असेल तर वाऱ्याकडे पाठ करून, कॅमेऱ्याचं तोंड खाली धरून बदला. रबरी फुगा जवळ ठेवा आणि कापडाने पुसण्याआधी नेहमी फुंकर मारा, नाहीतर धुळीचा कण काचेवर रेघ ओढतो. संध्याकाळी ट्रायपॉडचे पाय पूर्ण उघडून ओल्या फडक्याने पुसून घ्या. कोल्हापूरच्या दमट हवेत परतल्यावर सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या हवाबंद डब्यात लेन्स ठेवा, म्हणजे बुरशी धरणार नाही.

बाकी सामान: कपाळावर बांधायची बॅटरी, इंटरनेटशिवाय चालणारा नकाशा, जादा बॅटऱ्या (थंडीत त्या लवकर उतरतात, लडाखमध्ये आतल्या खिशात ठेवा), दिवसभर फिरणार असाल तर माणशी किमान चार लिटर पाणी, आणि घोटा झाकणारे बूट. कापशी (कोल्हापुरी चप्पल) पायात घालून घळीत उतरू नका. सैल मातीवर पाय सरकतो, आणि महाराष्ट्रातल्या अशा माळरानांवर फुरसं आणि घोणस दोन्ही असतात.

ड्रोन नेणार असाल तर डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा आधी बघा. लाल पट्ट्यात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उडवता येत नाही. चंबळच्या काठाचा बराच भाग राष्ट्रीय अभयारण्यात येतो, तिथे वनखात्याला विचारल्याशिवाय काहीही करू नका.

टप्पा ४: पहिली फेरी कॅमेरा बंद ठेवून

कोल्हापूर ते संगमनेर पुण्यावरून पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास पडतं. एवढं अंतर कापून पोचल्यावर लगेच कॅमेरा काढायचा मोह होतो. थांबा. दुपारी पोचा आणि ती दुपार फक्त चालण्यात घालवा.

आधी माणसं गाठा. प्रवरेकाठच्या घळींच्या आजूबाजूला शेतं आहेत, आणि कित्येक घळी सपाट करून लागवडीखाली आणल्या गेल्या आहेत. जमीन कुणाची तरी आहे हे धरूनच चला. "राम राम दादा, कोल्हापूरहून आलोय, सकाळी तुमच्या शेताच्या कडेनं घळीत उतरून फोटो काढू का?" एवढं विचारलं की परवानगी तर मिळतेच, शिवाय कुठली वाट सुरक्षित आहे, कुठला कडा गेल्या पावसात ढासळला, हेही कळतं. ही माहिती नकाशावर नसते.

मग चाला. चार-पाच जागा हेरा आणि प्रत्येक ठिकाणी तीनच गोष्टी वहीत टिपा: मुख्य धारेची दिशा, सकाळी की संध्याकाळी, आणि ट्रायपॉड कुठे लावायचा. मोबाइलवर एक खुणेचा फोटो पुरे. लामायुरूला आणखी एक गोष्ट बघा. भोवतीच्या डोंगरांमुळे ॲपमध्ये दिलेल्या सूर्यास्ताच्या बऱ्याच आधी तिथे सावली येते. ती नेमकी किती वाजता येते हे आदल्या संध्याकाळी घड्याळ लावून बघा.

*सावधान:* घळीचा काठ वरून भक्कम दिसतो, पण खालून पोखरलेला असतो. अशा मातीत पाणी जमिनीखालून बोगदे पाडत जातं. जमिनीवर भोक किंवा खळगा दिसला तर त्याच्या आसपास पाय देऊ नका. काठापासून किमान दोन मीटर अंतर ठेवा. दूरवर जरी पाऊस दिसला तरी घळीच्या तळातून लगेच वर या.

टप्पा ५: अंधारात कॅमेरा मांडून ठेवा

आपल्या अक्षांशावर सूर्य जवळपास सरळ उभा वर येतो आणि तसाच बुडतो. म्हणून पहाटेचा किंवा संध्याकाळचा मऊ संधिप्रकाश साधारण २२ ते २४ मिनिटंच टिकतो. त्या वेळात मेनू धुंडाळत बसलात तर हातात काही उरत नाही. त्यामुळे हे सगळं उजाडण्याआधी करून ठेवा:

- रॉ स्वरूप, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल. जेपेगमध्ये फिक्या मातीच्या छटा दबून जातात.
- व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) ऑटोवर नको, डेलाइटवर पक्का करा. ऑटो कॅमेरा गुलाबी, पिवळा, राखी हे थर एकाच रंगाकडे ओढतो, आणि या जमिनीत बघण्यासारखं तेच असतं.
- लेन्सचं छिद्र (ॲपर्चर) एफ/८ ते एफ/११. एफ/१६ च्या पुढे चित्र मऊ पडू लागतं आणि सेन्सरवरचा प्रत्येक धुळीचा कण आभाळात डाग म्हणून दिसतो.
- आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००. वारा असेल आणि लेन्स थरथरत असेल तर बेलाशक ४०० किंवा ८०० करा. थोडा दाणा चालतो, हललेला फोटो चालत नाही.
- दोन सेकंदांचा टाइमर किंवा रिमोट. लेन्समधलं स्थिरीकरण जुन्या प्रकारचं असेल तर ट्रायपॉडवर ते बंद.

फोकसबद्दल एक हिशेब लक्षात ठेवा. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर २०० मिलिमीटर आणि एफ/११ असताना साधारण १२० मीटरवर फोकस केलं तर ६० मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. १०० मिलिमीटरला हेच आकडे सुमारे ३० आणि १५ मीटर होतात. त्याहून जवळची धार चौकटीत हवी असेल तर दोन-तीन वेगवेगळ्या अंतरांवर फोकस करून फोटो घ्या आणि घरी एकत्र करा.

*तपासा:* एक चाचणी फोटो काढा आणि हिस्टोग्राम (डावीकडे काळोख, उजवीकडे उजेड दाखवणारा आलेख) बघा. कॅमेऱ्याचा मीटर फिकी माती राखाडी करून टाकतो, म्हणून उजेड आल्यावर एक्स्पोजर ०.३ ते ०.७ स्टॉपने वाढवायला लागेल. उजवीकडची कड कापली जाऊ देऊ नका.

टप्पा ६: उजेडाच्या मागे जा, क्रम मोडू नका

सकाळी: सूर्य उगवण्याआधीची वीस मिनिटं सावल्यांशिवायच्या मऊ उजेडाची. यात रंगांचे थर उत्तम येतात, म्हणून या वेळी लांब लेन्सने फक्त मातीचे पट्टे टिपा. सूर्य वर आला की पहिली पंधरा-वीस मिनिटं धारांची: एक बाजू उजळते, दुसरी निळसर सावलीत राहते. त्यानंतर पोत झपाट्याने चपटा होत जातो. हिवाळ्यात तासभर, उन्हाळ्यात त्याहूनही कमी, आणि काम संपलं. संध्याकाळी हाच क्रम उलटा. सूर्य बुडाल्यावरही अर्धा तास हलू नका. अर्ध्या सेकंदापासून कित्येक सेकंदांपर्यंत एक्स्पोजर जाईल, जाऊ दे.

झाब्रिस्की पॉइंटला जगभरचे फोटोग्राफर पहाटेच गर्दी करतात. तिथे पश्चिमेकडे बघत उभं राहिलं की पाठीमागून येणारा पहिला उजेड समोरच्या टोकांवर पडतो आणि खालच्या घळी अजून सावलीत असतात. आपल्या जागी असा कोन आहे का, ते आदल्या दुपारच्या फेरीत शोधून ठेवलेलं असावं.

ढगाळ दिवस फुकट गेला असं समजू नका. पातळ ढगाखाली दिवसभर मऊ उजेड मिळतो.

टप्पा ७: चौकटीतून काढून टाका

आधी आभाळ काढा. ढगांचं काही खास घडत नसेल तर त्याला चौकटीत जागा देऊ नका. मग दुसरा प्रश्न: नजर कुठून शिरते आणि कुठे थांबते? उत्खातभूमीत सगळीकडे रेषाच रेषा असतात, त्यामुळे एक मुख्य रेषा निवडावी लागते, नाहीतर फोटो नुसती जाळी होतो. एखादी प्रकाशाची तिरपी धार, एखादी काळी नाळ, दोन रंग भेटतात ती शिवण, यांतलं एकच. बाकी सगळं तिच्या पाठीशी उभं राहिलं पाहिजे.

फोटो जमत नसेल तर झूम फिरवू नका, ट्रायपॉड उचला. दोन पावलं डावीकडे सरकलं की पुढची धार मागच्या धारेपासून सुटी होते. झूमने हे कधीच होत नाही.

माणूस चौकटीत हवा का? आकार कळायला कधीकधी हवा, पण दूर, लहान, मातीच्या रंगाच्या कपड्यांत.

टप्पा ८: तंद्री लागू द्या

मिहाय चिक्सेंटमिहाय या मानसशास्त्रज्ञाने अशा एकाग्र अवस्थेचा आयुष्यभर अभ्यास केला. त्याने सांगितलेल्या अटी साध्या आहेत: काय करायचं ते स्पष्ट हवं, केलेलं बरोबर की चूक ते लगेच कळायला हवं, आणि काम आपल्या कौशल्याच्या जरा वरचं हवं. त्या इथे अशा लावा.

एका सकाळी एकच जागा, एकच लेन्स आणि एकच प्रश्न. उदाहरणार्थ, "आज फक्त सावलीचा आकार." तीन जागा गाठायच्या ठरवल्या तर डोकं गाडीच्या वेळापत्रकात अडकतं.

पहिले आठ-दहा फोटो हात सुटण्यासाठी आहेत. ते चांगले यावेत असा हट्ट धरू नका, त्यांच्याकडे परत बघूही नका. उजेड चांगला असेपर्यंत मागचा पडदा फक्त हिस्टोग्रामसाठी. काढलेला फोटो मोठा करून न्याहाळत बसलं की नजर समोरच्या जमिनीवरून उठते आणि लय तिथेच तुटते. मोबाइल विमान मोडवर.

गटाने गेला असाल तर परत भेटायची जागा आणि वेळ आधीच ठरवा, आणि एकमेकांच्या हाकेच्या टप्प्यात, पण नजरेआड उभे राहा. पाठीमागून "आवरा की आता!" असं कुणी ओरडलं की सगळी सकाळ वाया जाते. ज्यांना फोटोत रस नाही अशा घरच्यांना पहाटे सोबत ओढू नका, त्यांच्यासाठी दुपार ठेवा.

अडकलात, सगळं तेच तेच दिसतंय असं वाटलं, तर प्रत्येक पुढच्या फोटोत एक गोष्ट कमी करत जा. आधी झुडूप, मग कड, मग सर्वांत उजळ भाग. चार-पाच फोटोंत काहीतरी नवं हाती लागतं. नाही लागलं तर खाली बसा आणि दहा मिनिटं नुसतं बघा.

*सावधान:* तंद्रीत माणूस मागे पाऊल टाकतो. घळीच्या काठावर सर्वांत मोठा धोका हाच. नियम पक्का ठेवा: पाय हलवायचा तर आधी डोळा कॅमेऱ्यावरून काढायचा. ट्रायपॉड लावताना स्वतःच्या मागे एक दगडांची ओळ मांडा आणि तिच्या पलीकडे जाऊ नका. चिकणमाती ओली असेल तर तिच्यावरून चालूच नका. पाय घसरतो, आणि उमटलेला ठसा वाळून घट्ट होऊन बरेच दिवस तसाच राहतो. पुढे येणाऱ्याचा फोटोही त्याने बिघडतो.

टप्पा ९: घरी आल्यावर

त्याच रात्री दोन ठिकाणी प्रत काढा. निवड मात्र आठवडाभराने करा. पहाटेची थंडी, चढण, सोबतची माणसं हे सगळं ताजं असताना प्रत्येक फोटो चांगलाच वाटतो.

संपादनात क्रम असा: आधी व्हाइट बॅलन्स, मग एकूण उजेड, मग सावल्या, आणि रंग सर्वांत शेवटी. सॅच्युरेशनचा पट्टा ओढून माती नारिंगी करणं ही आपल्याकडची सर्वांत मोठी चूक आहे. लामायुरूची माती फिकी पिवळी आहे, तिला तशीच राहू द्या. क्लॅरिटी आणि डीहेझ (उठाव वाढवणारे पट्टे) जास्त झाले की धारांभोवती पांढऱ्या कडा उमटतात. चित्र शंभर टक्के मोठं करून त्या शोधा.

निवडलेल्या पाच-सहा फोटोंच्या आठ बाय बारा इंची प्रिंट काढा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या फोटोत पोत उरत नाही, त्यावरून निर्णय घेऊ नका. प्रिंट खिडकीपाशी दिवसाच्या उजेडात, हातभर अंतरावरून बघा. ती पडद्यापेक्षा काळपट वाटली तर दोष बहुधा प्रिंटचा नसतो, पडद्याचा उजेड जास्त ठेवलेला असतो. तो कमी करा, फोटो पुन्हा उजळा आणि दुसरी प्रिंट काढा. ती पसंत पडली की तिचीच एक प्रत प्रवरेकाठी ज्यांनी वाट दाखवली त्यांना पोस्टाने पाठवा.